आडनाव सोडा, सर्व्हे नंबर धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबांचं नुसतं नाव माहीत आहे, त्यामागचं काही नाही. आजोबा १९४० च्या सुमारास सातारा जिल्ह्यातून मुंबईला गिरणीत कामाला आले. आडनाव गावाच्या नावावरून पडलंय. त्या गावी तुम्ही जाऊन आलात, पण तिथं कोणी ओळखत नाही आणि सातबाऱ्यावरही नाव नाही. घरात ८६ वर्षांच्या आत्या आहेत. एकाने पैसे घेऊन बावीस पिढ्यांची वंशावळ करून देतो असं सांगितलंय. ती घ्यावी का? नाहीतर स्वतः सुरुवात कुठून करावी?

विकतची वंशावळ घेऊ नका. असे पुष्कळ कागद माझ्याकडे तपासायला आले आहेत. वरच्या पाच-सहा पिढ्या कुठल्यातरी छापील पुस्तकातून उचललेल्या असतात, खालच्या तीन तुम्हीच सांगितलेल्या असतात आणि मधला सांधा हवेत असतो. तपासायची एक साधी रीत आहे. एका पिढीला २५ ते ३० वर्षं धरा. शिवराज्याभिषेक १६७४ सालचा, म्हणजे आजपासून साधारण साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. त्या काळातला पुरुष तुमच्यापासून बारा-चौदा पिढ्या मागे यायला हवा. कोणी सहाव्या पिढीलाच त्याला महाराजांच्या पदरी बसवला असेल, तर तिथंच कागद मिटवून ठेवा. मधल्या प्रत्येक नावाला 'हे कशावरून?' विचारा. उत्तरात कागदाचं नाव, साल आणि तो कुठं ठेवलाय हे आलं नाही, तर ते नाव वंशावळीत धरू नका.

आता आडनावाबद्दल. तुम्ही आडनावाच्या गावी गेलात, सगळेच आधी तेच करतात. पण गाव सोडल्याशिवाय माणसाला गावाचं नाव चिकटत नाही. गावात राहणाऱ्याला त्या गावाचा 'कर' कोण म्हणणार? तिथं तो पाटील, चौगुला, कुलकर्णी, सुतार, गुरव असतो, नाहीतर नुसता अमक्याचा मुलगा. तो दुसऱ्या गावी गेला की तिथले लोक त्याला जुन्या गावाच्या नावाने ओळखू लागतात. म्हणून तुमच्या आडनावाचं गाव हे बहुधा मूळ गाव असेलही, पण आजोबा ज्या गावातून मुंबईला आले ते गाव वेगळं असणार. आणि मूळ गावात तुमचे भाऊबंद आजही असतील, तर ते भलत्याच आडनावाने असतील. दोन सख्खे भाऊ, एक वतनावर राहिला म्हणून पाटील आणि दुसरा बाहेर पडला म्हणून अमुककर, असे प्रकार मी कितीतरी पाहिले आहेत. अठराव्या शतकातल्या कागदात तर आडनाव क्वचितच भेटतं. तिथं 'राणोजी बिन संताजी' एवढंच असतं आणि पुढे हुद्दा व मौजे. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको.

म्हणून पहिलं काम, आजोबांनी मुंबईची वाट धरली तेव्हाचं गाव पक्कं करा. त्यांचा किंवा त्यांच्या भावंडांचा शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, मनिऑर्डरच्या पावत्या, जुनी पत्रं, फोटोंच्या मागची बाजू, काहीही चालेल. गिरण्यांचे कागद शोधण्यात वेळ घालवू नका, त्यातले फारच थोडे उरले आहेत. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मात्र जन्मगाव मिळतं. जन्मतारखेवर तेवढा भरवसा ठेवू नका. आपल्याकडे एका पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मलेले दिसतात. शाळा जूनमध्ये उघडायची आणि तारीख ठाऊक नसली की मास्तर तीच लिहायचे.

गाव कळलं की मग जमीन. माणूस मरतो, त्याचं आडनाव बदलतं, नाव लिहिण्याची पद्धतही बदलते. शेताचा तुकडा असतो तिथंच राहतो, आणि तो एका हातातून दुसऱ्या हातात गेला की सरकार नोंद ठेवतं. आजोबा मुंबईला आले तरी गावाकडच्या जमिनीत त्यांचा हिस्सा असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र सातबाऱ्यावर गावी राहणाऱ्या थोरल्या भावाचंच नाव दिसेल आणि पुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलेलं असेल, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. धाकटी भावंडं या तीन अक्षरांमागे झाकलेली असतात. 'अ.पा.क.' दिसलं तर वारस तेव्हा अज्ञान, म्हणजे वयाने लहान होता आणि पुढचं नाव त्याचं पालनपोषण करणाऱ्याचं आहे. तुम्ही सातबाऱ्यावर फक्त स्वतःचं आडनाव शोधलंत आणि परत आलात. पणजोबांचं नाव वडिलांच्या जागी कुणाच्या नावापुढे येतं, ते पाहायला हवं होतं.

सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या आणि खातेदाराच्या रकान्यात वर्तुळ केलेले आकडे असतात. ते फेरफार क्रमांक. खरा खजिना तिथं आहे. फेरफार म्हणजे गाव नमुना ६. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा आहे, त्यामुळे सातारा भागात पुढच्या काही वर्षांपासून गावोगावी ही नोंदवही सुरू झालेली मिळते. वारसाचा फेरफार साधारण असा असतो: 'खातेदार अमुक बिन तमुक हे अमक्या तारखेस मयत झाले. त्यांना वारस मुलगे दोन, मुलगी एक, विधवा पत्नी एक…' आणि खाली तलाठ्याची सही, पंचांचे जबाब, मंजुरीचा शेरा. एका पानावर दोन पिढ्या आणि मृत्यूची तारीख मिळते. त्याच नोंदीत मागचा फेरफार क्रमांक सापडला की आणखी एक पिढी मागे जाता येतं. अशा साखळीने मी एका घराण्याचे पाच टप्पे एकाच बैठकीत गाठले होते.

या फेरफारांत बायका सापडतात, म्हणून तिथं जरा थांबा. वंशावळीत लेकींची नावं नसतात, सुनांची असली तर सासरची असतात. पण १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यावर मुलगीही वारस झाली आणि तिचं नाव वारस नोंदीत लिहावं लागलं. तेही कसं, तर लग्नानंतरच्या पूर्ण नावासह आणि 'राहणार अमुक गाव' असं. पुढे बहुतेक वेळा भावांच्या नावे हक्कसोडपत्र होतं आणि तिचं नाव उताऱ्यावरून जातं. पण फेरफारात ते कायम राहतं. हक्क सोडून दिलेल्या त्या बहिणींमुळेच मला कित्येक घराण्यांचे हरवलेले सोयरे सापडले आहेत. तुमच्या आजोबांच्या बहिणी कुठल्या गावी दिल्या होत्या हे घरात कुणाला आठवत नसेल, तर ते तिथं लिहिलेलं असेल. त्या गावी जा. आत्येभावंडांच्या नातवंडांकडे माहेरच्या गोष्टी टिकलेल्या असतात, कधी कधी तुमच्या घरापेक्षा जास्त.

एक अडचण सांगून ठेवतो. जमीन एकत्रीकरणाच्या योजनेत, १९४७ च्या कायद्यानंतर, गावोगावचे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घेऊन तुम्ही जुन्या दप्तरात शोधलंत, तर भलत्याचंच शेत हाती येईल. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा घ्या. त्यात कुठल्या सर्व्हे नंबरचा कुठला गट झाला ते कळतं. मग तो सर्व्हे नंबर घेऊन तहसीलच्या अभिलेख कक्षात जा आणि जुना सातबारा, क पत्रक, कडईपत्रक, पाहणीपत्रक, असेल ते सगळं मागा. बरेच जुने फेरफार आणि सातबारे आता 'आपले अभिलेख' या सरकारी पोर्टलवर स्कॅन करून ठेवले आहेत. घरबसल्या आधी तिथं पाहा. पण तिथं नाही म्हणजे नाहीच, असं समजू नका.

त्याच अभिलेख कक्षात गाव नमुना १४ असतो, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. ही गावची जन्म-मृत्यूची वही, जुन्या पानांवर मोडी लिपीत लिहिलेली. नवख्या माणसाची इथं निराशा होते, कारण तो पणजोबांचं नाव जन्माच्या रकान्यात शोधतो. जन्माची वर्दी बारशाच्या आधीच दिलेली असायची. त्यामुळे नोंदीत बापाचं नाव, जात, तारीख आणि पुढे नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' असतं. म्हणून बापाच्या नावाने शोधा, एकाच बापाची सगळी मुलं साल लावून मांडा आणि मग कुठला मुलगा तुमचा ते वयावरून ठरवा. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण मिळतं: ताप, पटकी, देवी, प्लेग. वय अंदाजे, बहुधा चाळीस, पन्नास, साठ असं पूर्ण आकड्यात. १८९६-९७ नंतरच्या प्लेगच्या वर्षांची आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीची पानं उघडताना मन घट्ट करावं लागतं. एकेका घरातली तीन-तीन, चार-चार माणसं पंधरवड्यात गेलेली दिसतात. घरात पणजोबांचे भाऊ कोणी उरले नव्हते असं सांगत असतील, तर कारण तिथं असू शकतं.

माझ्या हातून सुरुवातीच्या वर्षांत झालेली एक मोठी चूक सांगतो, तुमच्याकडून होऊ नये म्हणून. आपल्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. समजा संताजीचा मुलगा राणोजी, त्याचा मुलगा पुन्हा संताजी आणि त्याचा पुन्हा राणोजी. १८६० च्या सुमाराच्या कागदात 'राणोजी बिन संताजी' होता आणि १९०० च्या नोंदीतही 'राणोजी बिन संताजी' होता. गाव तेच, जात तीच. मी दोघांना एकच धरलं आणि त्या कुटुंबाच्या मधल्या दोन पिढ्या गाळून टाकल्या. त्यांनी ती वंशावळ चौकटीत लावून घेतली. पुढे दोन वर्षांनी कोतवाल बुकात पहिल्या राणोजीच्या मृत्यूची नोंद हाती लागली तेव्हा मला ते कळलं. त्यांच्या घरी जाऊन, माफी मागून मी ती बदलून दिली. तेव्हापासून माझा नियम असा की कुठलाही बाप-लेक जोडताना एकमेकांशी संबंध नसलेले दोन कागद हवेत. एक जमिनीचा, दुसरा मृत्यूनोंदीचा, शाळेचा, देवस्थानचा कुठलाही. एकच असेल तर तुटक रेघ काढायची. तुमच्या वंशावळीत तुटक रेघा राहिल्या तर त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

दत्तकाकडेही लक्ष ठेवा. दत्तक गेलेल्या मुलाच्या नावापुढे दत्तक बापाचं नाव येतं आणि जन्मदात्याच्या घरच्या कागदातून तो एकाएकी नाहीसा होतो. अशा वेळी तो मेला असं धरू नका. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातले जुने दस्त, खरेदीखत, गहाणखत, दत्तकपत्र, पाहायला मिळतात. सूची क्रमांक २ वरून शोध घेता येतो.

आणि भांडणं शोधा. गोडीगुलाबीने राहिलेल्या कुटुंबाचे कागद कमी असतात. वाटपाचा दावा लागला की फिर्यादीतच मूळपुरुषापासूनची वंशावळ मांडावी लागायची आणि समोरच्याने ती खोडून काढायचा प्रयत्न केलेला असायचा. म्हणजे तपासणीही आयतीच झालेली. इंग्रजांच्या आधीही हेच होतं. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांवरून वाद झाला की दोन्ही बाजू आपापला 'करिना' लिहून द्यायच्या: मूळपुरुष कोण, गावात कधी आला, वतन कोणी दिलं, मधे कोण मेलं, कोण परागंदा झालं. मग गोतसभा, म्हणजे वतनदारांची आणि गावकऱ्यांची सभा बसायची, साक्षी व्हायच्या आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद लिहिला जायचा. त्याखाली पाटलाची निशाणी नांगर, शेटे-महाजनांची तराजू. वाद कशावरून, तर होळीची पहिली पोळी कुणाची, पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा, विडा आधी कुणाला! आज हे क्षुल्लक वाटतं, पण वतन कुणाचं हे त्या मानावरून ठरायचं. म्हणून लोक जीव तोडून भांडले आणि आपल्यासाठी कागद उरले.

असे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. पेशवे दप्तर आणि साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या काळचं शाहू दप्तर तिथंच, कापडी रुमालांत बांधलेलं. तुमचा मुलूख साताऱ्याचा, म्हणून शाहू दप्तर मुद्दाम पाहा. इनाम कमिशनचे कागदही तिथंच आहेत. १८५२ च्या कायद्याने इनामदारांना आपापला हक्क शाबीत करायला लावलं, तेव्हा कैफियती आणि वंशावळी दाखल झाल्या. तुमच्या घराण्याकडे एखादा लहानसा इनामाचा तुकडा जरी असला, तरी त्यात नाव निघू शकतं. भारत इतिहास संशोधक मंडळातही मोठा संग्रह आहे. वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये ते स्थापन केलं. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून घराघरांतली दप्तरं गोळा केली नसती, तर त्यातलं बरंचसं आज चुलीत गेलेलं असतं. त्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड आणि पेशवे दप्तराचे छापलेले पंचेचाळीस निवडक भाग आधी चाळा. त्यात आपल्या गावाचं नाव सूचीत शोधा, माणसाचं नंतर.

मोडी शिकावी लागेल. भीती बाळगू नका, रोज तासभर दिला तर दोन-तीन महिन्यांत साधं अक्षर लागू लागतं. पुराभिलेख संचालनालय आणि मंडळ वर्ग घेतात. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तरी अडखळायला होतं ते संदर्भ ठाऊक नसल्यामुळे. गावातली माणसांची नावं, शिवाराची नावं, शेजारची गावं आधी पाठ असली की अर्धं वाचन आपोआप होतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि गावोगावी जुनी दप्तरं सोडली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती टंचाई आहे ते सगळ्यांनाच कळलं. त्या शोधात स्कॅन झालेल्या नोंदी जात कोणतीही असो, वंशावळ शोधणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाच्या आहेत.

अक्षर लागलं की पुढची अडचण तारखेची. पेशवाईतल्या कागदात साल अरबी शब्दांत लिहितात आणि ते उलटं, एकंपासून सुरू होतं. 'सन सलास सबैन मया व अलफ' घ्या. सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७३. हा सुहूर सन. यात ५९९ मिळवा, म्हणजे १७७२. वर्ष मृगापासून सुरू होतं, त्यामुळे कागद पुढच्या जानेवारी ते मेमधला असेल तर ६०० मिळवायचे, १७७३. हे सुहूर वर्ष थोरल्या माधवरावांच्या मृत्यूचं. ते नोव्हेंबर १७७२ मध्ये गेले. इंग्रजी अमदानीतल्या वसुली कागदात फसली सन येतो. तोही मृगापासूनच, पण त्यात ५९० मिळवायचे. दोन्हींत नऊ वर्षांचा फरक. एकाला दुसरा समजलात तर मूल बापाच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी जन्मलेलं दिसेल. शालिवाहन शकाला ७८ मिळवणं सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त पौष-माघ-फाल्गुनातल्या कागदाला बहुधा ७९ लागतात हे विसरू नका.

तीर्थक्षेत्रीच्या वह्यांकडे जरूर जा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, प्रयाग इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांची नामावळी असते. कुठल्या गावचे आणि कुठल्या जातीचे यजमान कुणाकडे, हे ठरलेलं असतं. म्हणून तिथंही आधी गाव सांगावं लागतं. रामकुंडावर कुणाच्या अस्थी घेऊन आलेला माणूस बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव सांगायचा, उपाध्ये लिहून घ्यायचे आणि लिहिता येत असेल तर तो खाली सही करायचा. सिंहस्थाच्या वर्षी नोंदी जास्त असतात, तेव्हा त्या सालांची पानं आधी मागा. एका वहीत मला एका यजमानाच्या खापरपणजोबांची बोरूने केलेली सही दाखवता आली. त्यांनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललंच नाही. जाल तेव्हा उपाध्यायांचा मान ठेवा, दक्षिणा द्या आणि आपली आजची नोंद करून या. त्यात मुलींची नावंही घालायला सांगा.

दक्षिण साताऱ्यात आणि सांगली-कोल्हापूरकडे हेळवी येतात. बैलावर बसून गावात यायचं आणि घरापुढे त्या घराण्याची वंशावळ म्हणायची, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. तुमच्या वंशावळ विकणाऱ्यात आणि यांच्यात मी फरक करतो. हेळव्यांची परंपरा दर पिढीला दारात येऊन नवीन नाव घेत चालत आली आहे. तरीही त्यांनी म्हटलेलं नाव कागदाशी ताडून पाहा. खालच्या पाच-सहा पिढ्या बहुतेक वेळा जुळतात. वरच्या नावांना मी तुटक रेघ देतो.

भाऊबंद कोण हे ठरवायला सुतकाइतकी चांगली खूण नाही. नातं काय ते विसरलेलं असतं, पण 'त्यांचं सुतक आम्ही पाळतो' हे लक्षात असतं. दहा दिवस कुणाचं, तीन दिवस कुणाचं, नुसती आंघोळ कुणासाठी, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या. तसंच कुलदैवत, देवक, जत्रेतला मान, लग्नात पहिला आहेर कुणाचा. पण कुलदैवत दूरचं आहे म्हणून मूळ गावही तिथलंच, हा निष्कर्ष काढू नका. कोकणातल्या कित्येक घराण्यांची कुलस्वामिनी अंबाजोगाईची योगेश्वरी आहे. तेवढ्यावरून त्यांचे पूर्वज मराठवाड्यातले ठरत नाहीत. आणि कधी कधी देवच हलतो. गोव्यातला मंगेश १५६० च्या सुमारास कुशस्थळीहून प्रियोळला आला, त्याचे कुळावी, म्हणजे त्याला कुलदैवत मानणारी घराणी, त्याच्याबरोबर आणि काही त्याच्याही पुढे गेले.

तुमच्याकडे जमीन निघालीच नाही, तर? गावकामगार, बलुतेदार, वतनी महार कुटुंबं यांच्याही जमिनींच्या नोंदी आहेत. कनिष्ठ वतनं रद्द करण्याचा १९५८ चा कायदा लागू झाला तेव्हा ती जमीन कुणाला परत दिली, याची फेरफारात वाटेकऱ्यांसह नावं येतात. सैन्यात कोणी होतं का तेही विचारा. साताऱ्याकडच्या अनेक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली दिसते: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, इतके कामी आले. पाटीवर नुसता आकडा असतो. कामी आलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि पुष्कळ ठिकाणी बापाचं नाव व गावही. समुद्रापलीकडे कोणी गेल्याची आठवण असेल तर मॉरिशसला मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची कागदपत्रं जपलेली आहेत.

तुमच्या गावाच्या बाबतीत एक शक्यता मनात ठेवा. कोयना धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावं सातारा जिल्ह्यातलीच, आणि त्यांतली माणसं सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशी पांगली. गाव नकाशावर सापडत नसेल किंवा त्याच नावाचं गाव भलत्याच जिल्ह्यात असेल, तर पुनर्वसनाचे कागद शोधा. कँबेलच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्याचा खंड १८८५ चा आहे. त्यात त्या काळचे रस्ते, बाजार, दुष्काळ सापडतात. गाव कोणी का सोडलं हे नुसत्या वंशावळीत कधीच नसतं. ते तिथं कळतं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाची पानं वाचलीत, तर तुमच्या आडनावाचं कोडं तिथंच सुटेल असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे, म्हणून तुटक रेघेत.

किती मागे जाता येईल? वतन नसलेल्या, मन लावून शोधणाऱ्या कुटुंबांना मी बहुतेक वेळा १८६०-१८८० पर्यंत पोचलेलं पाहिलंय. म्हणजे पणजोबांच्या आजापर्यंत. वतन किंवा इनाम निघालं तर आणखी शंभर-दीडशे वर्षं. डीएनए चाचणीवर मी खर्च करायला सांगणार नाही, ती नाव किंवा गाव सांगत नाही.

हे सगळे कागद पुढच्या वर्षीही तिथंच असतील. आत्यांकडे मात्र या रविवारीच जा. फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवा आणि 'आपले पूर्वज कोण?' असं विचारू नका, त्या 'मला काय ठाऊक' म्हणतील. त्यांच्या आईचं माहेर कुठलं, लहानपणी गावी जाताना एसटी कुठं बदलायची, विहिरीवर शेजारच्या शेतातलं कोण यायचं, कुणाच्या घरचं सुतक धरायचे, असं विचारा. शिवारातल्या शेतांची नावं विचारा: माळ, मळई, पट्टी, थोरलं वावर. जुन्या कागदात तीच भेटतात. त्यांच्या आईच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या असतील तर म्हणायला सांगा. त्या ओव्यांत भावांची नावं असतात, माहेरचं गाव असतं, वाटेवरची नदी असते. जे ऐकाल ते जसंच्या तसं लिहून काढा, आणि पणजोबांच्या नावाचा पहिला फेरफार हाती आला की त्याचा फोटो मला दाखवा. मोडी मी वाचून देईन.